डेव्ह पुन्हा धावला

गणपतीला मालवणला घरी आलो की भाच्याला 'डेंजरस डेव्ह' दाखवायचा, हे मी ठरवलंच होतं. १९९०चा गेम, दहा लेव्हल्स, कप उचलल्याशिवाय दार उघडत नाही. शाळेच्या लॅबमध्ये यासाठी आम्ही मधली सुट्टी सोडायचो. इथल्या दमट हवेने फ्लॉपीला केव्हाच बुरशी धरली, पण फाईल्स वेळेवर उतरवून ठेवल्या होत्या.

नव्या लॅपटॉपवर डबल क्लिक केलं तर सरळ एरर. जुने प्रोग्राम चालावेत म्हणून विंडोजमध्ये असलेल्या कंपॅटिबिलिटी मोडमध्ये मी अख्खी दुपार घालवली, ती वाया गेली. गेम १६ बिटचा, आणि ६४ बिट विंडोजमध्ये १६ बिटचे प्रोग्राम चालवायची सोयच नाही. मग डॉसबॉक्स टाकलं. ते जुना डॉसवाला, म्हणजे विंडोजच्या आधीच्या सिस्टिमचा, कॉम्प्युटर आतल्या आत उभा करतं, फुकट आहे. गेमचा फोल्डर माउंट केला, म्हणजे त्याला ड्राइव्ह म्हणून जोडून दिला, डेव्ह सुरू!

पण वेग बेफाम.

"मामा, ह्यो असो कित्याक धावता?" भाचा विचारायला लागला.

चूक माझीच. वेग वाढेल म्हणून सेटिंगमध्ये सायकल्स, म्हणजे हा आतला कॉम्प्युटर किती वेगाने चालेल तो आकडा, 'मॅक्स' करून ठेवल्या होत्या. जुन्या गेमला उलट कमी लागतात. ३००० फिक्स केल्यावर चाल अगदी ओळखीची वाटली. खेळताना बदलायचं तर कंट्रोल आणि एफ११ ने कमी, एफ१२ ने जास्त. फुल स्क्रीनला ऑल्ट-एंटर.

आरतीची हाक आली तेव्हा भाचा तिसऱ्या लेव्हलला होता. उठायलाच तयार नव्हता.