सेमिस्टर सांभाळून क्रीडासंकुलाचा उपयोग कसा करावा

क्रीडासंकुलाचं सदस्यत्व घेणारे विद्यार्थी पुष्कळ असतात, सेमिस्टर संपेपर्यंत तिथे जाणारे थोडे. आळसाला उगाच बोल लावतात; बहुतेकदा गाडी अडते ती वेळेपाशी. म्हणून आधी वेळ ठरवा, खेळ मागाहून निवडा.

वेळापत्रकातली फट शोधा

लेक्चर, प्रॅक्टिकल, लायब्ररी, जाण्यायेण्याचा वेळ असं सगळं एका कागदावर मांडा. दोन लेक्चरच्या मधली दीड तासाची फट मोहात पाडते. तिच्यातून चालत जाणं, कपडे बदलणं आणि अंघोळ वजा केली की हाती चाळीसेक मिनिटं राहतात. जिमला तेवढी पुरतात. पोहायचं असेल तर धावपळ होते, आणि पुढच्या लेक्चरला ओल्या केसांनी बसावं लागतं. माझं मत विचाराल तर शेवटच्या लेक्चरनंतर थेट जाणं सगळ्यात टिकतं. मात्र बॅग सकाळीच भरून सोबत घ्या. ती आणायला म्हणून खोलीवर गेलात आणि जरा पाठ टेकली, की त्या दिवसापुरता विषय संपला.

पैसे भरण्याआधी त्याच वेळी चक्कर मारा

मंगळवारी संध्याकाळी सहाला जाणार असाल, तर मंगळवारी संध्याकाळी सहालाच बघायला जा. दुपारी तीनला चकाचक आणि रिकामं दिसणारं संकुल सहाला गजबजलेलं असतं. बॅडमिंटन कोर्टाच्या कडेला रॅकेट ओळीने ठेवून किती जण नंबर लावून बसलेत ते मोजा. डबल्सचा एक गेम साधारण पंधरा मिनिटं चालतो, असं धरलं तर आपली पाळी कधी येईल याचा हिशेब तिथल्या तिथे होतो. डंबेल्सच्या रॅकमधली मधल्या वजनाची जोडी जागेवर आहे का, शॉवरला गरम पाणी येतं का, लॉकरला कुलूप आपलं आणायचं का, हेही पाहून घ्या.

मग काउंटरवर विचारा: विद्यार्थ्यांना सवलत आहे का? गर्दी नसलेल्या वेळेचं वेगळं, स्वस्त सदस्यत्व मिळतं का? कोर्टाचं बुकिंग किती दिवस आधी उघडतं? सुट्टीत सदस्यत्व थांबवून ठेवता येतं का, आणि रद्द करायचं तर किती दिवस आधी कळवायचं? वार्षिक सदस्यत्व महिन्याच्या हिशेबाने स्वस्त पडतं खरं, पण तुमचं वेळापत्रक दर सेमिस्टरला बदलतं. पहिल्या खेपेला महिन्याचंच घ्या.

आठवड्याचा हिशेब मांडा

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढांनी आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम किंवा 75 ते 150 मिनिटं जोरकस व्यायाम करावा, आणि किमान दोन दिवस सगळ्या मोठ्या स्नायूंना ताकदीचा व्यायाम द्यावा. मध्यम म्हणजे किती? बोलता येतं, पण गाणं म्हणता येत नाही, इतपत दम लागला की मध्यम. चार शब्दांनंतर श्वास घ्यायला थांबावं लागलं, तर जोरकस. एका दमात निदान दहा मिनिटं व्हायला हवीत ही जुनी अट 2020 मध्ये काढून टाकली, त्यामुळे संकुलापर्यंतचं झपझप चालणंही हिशेबात धरा. दोन संध्याकाळी तासभर खेळ आणि हे चालणं, एवढ्यात 150 चा आकडा गाठता येतो.

ताकदीसाठी यंत्रांच्या जंगलात हरवायचं कारण नाही. बैठका, जोर, ओढण्याचा एक प्रकार आणि जमिनीवरून वजन उचलण्याचा एक प्रकार, एवढ्यात अंगाचे बहुतेक मोठे स्नायू येतात. वजन कसं निवडायचं? दहा वेळा उचलून झाल्यावर 'अजून दोनदा नीट जमलं असतं' असं वाटलं, तर ते आजचं योग्य वजन. बारा वेळा आरामात जमायला लागलं की पुढचं घ्या. उचलण्याची पद्धत मात्र तिथल्या प्रशिक्षकाकडून एकदा तपासून घ्या. नव्या सदस्यांना ओळख करून देणारं सत्र असेल तर ते बुडवू नका. सुरुवातीला अंग दुखणारच. हे दुखणं लगेच येत नाही, साधारण एक ते तीन दिवसांनी जास्त जाणवतं आणि आपोआप ओसरतं. सांध्यात टोचणारी कळ आली तर तो व्यायाम थांबवा. छातीत दुखलं किंवा चक्कर आली तर सगळंच थांबवून डॉक्टरांना दाखवा. दमा किंवा हृदयाचा त्रास आधीपासून असेल, तर सुरुवात करण्याआधीच त्यांच्याशी बोला.

माणसं जोडा

कॉलेजच्या जिममध्ये सगळे आपल्याच वयाचे आणि परीक्षाही सगळ्यांच्या एकदमच. संकुलात नोकरदार येतात, आजी-आजोबा येतात, शाळकरी पोरं येतात. सकाळच्या टेबल टेनिसला एखादे निवृत्त काका जागचे न हलता तुम्हाला टेबलभर पळवतील, तयारी ठेवा! कोणीही येऊन खेळावं अशी खुली सत्रं असतील तर तिथून सुरुवात करा. जोडीदार लागत नाही आणि डबल्सला चौथा गडी सगळ्यांनाच हवा असतो. दोन-चारदा दिसलात की 'गुरुवारी येतोयस ना?' असं कोणीतरी विचारतं, आणि मग दांडी मारणं अवघड होतं.

परीक्षा आली की कमी करा, बंद नको

ताकद कमवायला जितका व्यायाम लागतो, त्यापेक्षा बराच कमी ती टिकवायला पुरतो. सबमिशन आणि परीक्षेच्या आठवड्यांत एक-दोन छोटी सत्रं ठेवा; प्रत्येक व्यायामाच्या फेऱ्या (सेट) कमी करा, वजन तेच राहू द्या. रात्र जागून काढली असेल, तर त्या दिवशी जड वजनाच्या वाटेला जाऊ नका, चालून या.

शेवटचा पेपर झाला की घरी जाण्याआधी काउंटरवर सदस्यत्व थांबवून घ्या. लॉकरही रिकामा करा. सुट्टीभर आत राहिलेल्या ओल्या टॉवेलचा वास पुढच्या सेमिस्टरला तुमच्या आधी शेजारच्या लॉकरवाल्याला येतो.