खिशातली अवजारे आणि टॉर्च कमी करताना

रोज रात्री खिसे रिकामे करताना त्या दिवशी प्रत्यक्ष वापरलेल्या वस्तूंची नोंद दोन आठवडे ठेवावी. आठवणीवर विसंबू नये, कारण आवडती वस्तू आपण वापरतोच असे वाटत राहते. माझ्या नोंदीत छोटे पाते आणि कात्री जवळजवळ रोज आली, पक्कड एकदाही नाही. तेव्हा जड मल्टिटूल (पक्कड, पाते अशी अनेक अवजारे एकत्र असलेले साधन) घरी ठेवून साधारण ५८ मिलिमीटर लांबीचा, कात्री असलेला घडीचा चाकू पुरेसा मानावा.

टॉर्चचा मोह अधिक चिवट असतो. ‘१८६५०’ नावाच्या, पुन्हा चार्ज होणाऱ्या मोठ्या लिथियम सेलवरचा जाडजूड टॉर्च १००० लुमेन (उजेड मोजण्याचे एकक) देतो खरा, पण तापला की बहुधा स्वतःच उजेड कमी करतो. कुलपाचे भोक किंवा टेबलाखाली घरंगळलेला स्क्रू शोधायला १० ते ५० लुमेन भरपूर होतात आणि तेवढे काम एका ट्रिपल-ए सेलचा बोटाएवढा टॉर्च सहज करतो. त्यात अल्कलाइन सेल महिनोन्महिने पडू देऊ नये. तो गळून झाकण घट्ट बसल्यामुळे माझा एक चांगला टॉर्च वाया गेला.

विमानप्रवासापूर्वी चाकू चेक-इन सामानात टाकावा, सुटे लिथियम सेल मात्र हातातल्या सामानातच ठेवावेत.