व्हायरॉलॉजी आणि तुपाची डबी

एमबीबीएसच्या सेकंड इयरच्या प्रिलिमला (सराव परीक्षेला) मायक्रोबायॉलॉजीच्या व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, मला पहिलाच प्रश्न आला : पोलिओचा डोस तोंडानं देतात, मग तो विषाणू जठरातल्या आम्लात मरत कसा नाही? मी ठामपणे सांगितलं, "सर, त्याला एन्व्हलप असतं, म्हणून तो टिकतो." सरांनी पेन खाली ठेवलं. "बरं, एचआयव्हीला एन्व्हलप असतं का?" मी म्हटलं, "नाही सर, म्हणून तर तो शरीराबाहेर लगेच मरतो." पुढची पाच मिनिटं मी अशीच बोलत राहिले. प्रत्येक उत्तर न अडखळता दिलं आणि प्रत्येक उत्तर नेमकं उलटं होतं : एन्व्हलप पोलिओला नसतं, एचआयव्हीला असतं. बाहेर आल्यावर मैत्रिणीनं पुस्तक उघडून दाखवलं तेव्हा हातपाय गार पडले.

त्या प्रिलिमला मी नापास झाले. आता त्याच विषयात एमडी करते आहे, पण तो व्हायवा आठवला की अजून पोटात कालवतं. दर वर्षी ज्युनिअर मुलं नेमकी याच जागी अडकलेली दिसतात, म्हणून हे लिहिते आहे. कॅप्सिड (विषाणूचं प्रथिनांचं कवच), जीनोम (आतलं डीएनए किंवा आरएनए), स्पाइक (पेशीला चिकटणारे बाहेरचे काटे) हे शब्द तुम्हाला येतात असं धरून चालते.

मी अभ्यास केला नव्हता असं नाही. विषाणूंच्या कुळांचा मोठा तक्ता, एका रकान्यात एन्व्हलपवाले, दुसऱ्यात बिनएन्व्हलपचे, होस्टेलच्या भिंतीवर लावला होता, रोज रात्री म्हणायचे. पण दहावीपर्यंत मराठी माध्यम, त्यामुळे एन्व्हलप म्हणजे आवरण, आणि आवरण म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे थंडीतली घोंगडी यायची. ज्याच्या अंगावर घोंगडी तो टिकणार, उघडा तो मरणार. त्यात एन्व्हलप नसलेल्यासाठी 'नेकेड व्हायरस' हा शब्द, म्हणजे तर बिचारा उघडाच! हे चित्र इतकं पक्कं बसलं होतं की तक्ता पाठ असूनही बोलायची वेळ आली की माझ्या डोक्यात दोन्ही रकान्यांची अदलाबदल व्हायची. अर्थ उलटा बसला असेल तर पाठांतर तुम्हाला वाचवत नाही, हे मला फार महाग पडून कळलं.

गाठ सोडवली आमच्या डिपार्टमेंटच्या एका मॅडमनी. मी रडवेली होऊन गेले तेव्हा त्यांचं जेवण नुकतंच झालं होतं. डब्यातली तुपाची छोटी स्टीलची डबी घेऊन त्या सिंकपाशी गेल्या. नळ सोडला, तूप तसंच राहिलं, पाणी नुसतं थेंब थेंब होऊन ओघळलं. मग साबणाचा एक थेंब टाकून बोट फिरवलं आणि डबी लख्ख झाली. म्हणाल्या, "हे तूप म्हणजे एन्व्हलप. ते विषाणूनं स्वतः बनवलेलं नाही. पेशीतून बाहेर पडताना तिच्या पापुद्र्याचा तुकडा अंगाला चिकटवून आणलाय. चरबी आहे ती. आता सांग, पेशीत शिरायच्या किल्ल्या कुठे खोचलेल्या आहेत?" मी म्हटलं, स्पाइक प्रोटीन, एन्व्हलपमध्येच. "मग तूप गेलं की किल्ल्याही गेल्या. आत जीनोम शाबूत असला तरी दार उघडणार कोण?"

हे नीट समजून घ्या, कारण निम्मं व्हायरॉलॉजी याच्यावर उभं आहे. साबण, अल्कोहोल, ईथर, कोरडी हवा, हे सगळे चरबीच्या त्या पातळ थराचे शत्रू. नेकेड विषाणू मात्र सुपारीसारखा. त्याचं प्रथिनांचं कवच टणक, आणि पेशीला चिकटण्याची सोय त्या कवचावरच. त्याला साबण लावला तर तो फार तर हातावरून वाहून जातो, पण फुटत नाही. मॅडमनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती मला सगळ्यात मोलाची वाटते : पित्त हाही साबणच. बाइल सॉल्ट चरबी विरघळवतात, त्यांचं कामच ते. म्हणून जो विषाणू तोंडावाटे शिरून, जठरातलं आम्ल आणि आतड्यातलं पित्त पार करून शौचावाटे बाहेर पडतो आणि पुन्हा कुणाच्या तरी तोंडात जातो, तो बहुधा नेकेडच असणार. पिकोर्ना (पोलिओ, हेपेटायटिस ए), कॅलिसी (नोरो), रोटाव्हायरस, हेपेटायटिस ई. यांतलं एकही नाव वेगळं पाठ करावं लागत नाही.

आता पाच हेपेटायटिस घ्या, म्हणजे यकृताला सूज आणणारे पाच विषाणू. ए, बी, सी, डी, ई एकाच पानावर एका रांगेत लिहून पाठ करतात, मीही केलं होतं. कृपा करून करू नका. ती भावंडं नाहीतच. ए पिकोर्नाचा, ई हेपेव्हिरिडीचा, दोघं नेकेड, दोघं दूषित पाण्यातून. बी हेपॅडनाचा, सी फ्लॅव्हीचा म्हणजे डेंग्यूच्या कुळातला, दोघांना एन्व्हलप, दोघं रक्तातून. डी अपुरा, त्याला बाहेरचं आवरण बीकडून उसनं घ्यावं लागतं, म्हणून बी नसेल तर डी पसरत नाही. यकृत हे फक्त त्यांचं भेटायचं ठिकाण.

१९५५-५६ मध्ये दिल्लीत काविळीची प्रचंड साथ आली होती. यमुनेत मिसळलेलं सांडपाणी पिण्याच्या पाण्यात आलं आणि सुमारे २९ हजार लोक आजारी पडले. पाण्यात क्लोरीन घातला जात होता. त्यामुळे टायफॉइडसारखे जिवाणूंचे आजार वाढले नाहीत, पण कावीळ मात्र पसरली. तेव्हाच्या साठवलेल्या रक्ताच्या नमुन्यांवरून पुढे कळलं, तो हेपेटायटिस ई होता. सुपारीसारखं कवच म्हणजे काय, ते मला या एका घटनेवरून जितकं उमगलं तितकं कुठल्याच आकृतीवरून उमगलं नव्हतं. आपल्याकडे २०१२ मध्ये इचलकरंजीत आलेली साथही ईचीच. गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत हा आजार किती जीवघेणा ठरतो हे विसरू नका. परीक्षेत विचारतात म्हणून नव्हे, उद्या तुमच्यासमोर तशी बाई येणार आहे म्हणून.

डोळे आले की टॉवेल वेगळा ठेवा असं घरोघरी सांगतात. डोळे आणणारे अॅडेनो आणि एन्टेरो विषाणू दोन्ही नेकेड, टॉवेलवर टिकून राहतात. उलट्या-जुलाबाच्या वॉर्डात नोरोसाठी नुसत्या सॅनिटायझरवर विसंबू नका, साबण-पाण्यानं हात चोळून धुवा, म्हणजे तो निदान वाहून तरी जाईल.

आणि रेबीज. रॅब्डो कुळ, बंदुकीच्या गोळीचा आकार, एन्व्हलप आहे. इंटर्नशिपला ग्रामीण रुग्णालयात होते तेव्हा एक आजी सात-आठ वर्षांच्या नातवाला घेऊन आल्या. पिंढरीला कुत्रा चावलेला, जखमेत लाल तिखट दाबून भरलेलं, पोरगं तळमळत होतं. आजी म्हणाल्या, "तिखटानं इख उतरतंय म्हंत्यात." मी म्हटलं, "आजी, आधी हे धुवू, मग बाकीचं." नळाखाली पाय धरला, साबण लावला, घड्याळ लावून पंधरा मिनिटं. लस आणि इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडं) पुढे दिलंच, ते लागतंच, त्याला पर्याय नाही. पण ती पंधरा मिनिटं कशासाठी, हे मला त्या दिवशी कुणाला विचारावं लागलं नाही. माझ्या डोळ्यांपुढे ती तुपाची डबी होती.

इथे एक इशारा. "एन्व्हलप म्हणजे नाजूक" हे सूत्र हातात आलं की ते सगळीकडे लावायचा मोह होतो. थांबा. हेपेटायटिस बीला एन्व्हलप आहे, तरी वाळलेल्या रक्तात तो किमान सात दिवस जिवंत राहू शकतो. सांडलेलं रक्त वाळलंय म्हणून हातमोजे न घालता पुसू नका, मी हे हात जोडून सांगते. देवीचा विषाणू पॉक्स कुळातला, तोही खपल्यांत दीर्घकाळ टिकायचा. आणि पॅपिलोमा नेकेड असून पाण्यातून पसरत नाही, त्वचेच्या आणि लैंगिक संपर्कातून पसरतो. तीन अपवाद आहेत, वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

एन्व्हलप झालं की जीनोम. याला लोक उगाच घाबरतात. डेव्हिड बाल्टिमोर या शास्त्रज्ञानं १९७१ मध्ये विषाणूंची जी वर्गवारी मांडली तिचा सगळा रोख एका प्रश्नावर आहे : हा विषाणू एमआरएनए, म्हणजे पेशी जे वाचून प्रथिनं बनवते तो निरोप, कसा तयार करतो? प्लस सेन्स आरएनए म्हणजे पेशीला थेट वाचता येणारी कृती. मायनस सेन्स म्हणजे उलटी लिहिलेली, ती सुलटी करायचं यंत्र पेशीकडे नाही, म्हणून विषाणूला आपली पॉलिमरेज, म्हणजे आरएनएची प्रत काढणारं एन्झाइम, बरोबर आणावी लागते. पोलिओचा नुसता शुद्ध आरएनए पेशीत सोडला तरी नवे विषाणू तयार होतात, इन्फ्लुएन्झाचा सोडला तर होत नाहीत. एवढं कळलं की गोवर, गालगुंड, रेबीज, फ्लू यांच्या पोटात पॉलिमरेज का, हे पाठ करावं लागत नाही. फ्लूच्या जीनोमचे आठ तुकडे असतात आणि डुक्कर, पक्षी, माणूस यांच्या विषाणूंचे तुकडे एकत्र पिसले जातात, म्हणून नवीन साथी येतात. २००९ चा स्वाइन फ्लू तसाच, त्यातला देशातला पहिला मृत्यू पुण्यात झाला.

माणसाला आजारी पाडणाऱ्या डीएनएवाल्यांत बाकी सगळे दुपदरी (हेपॅडना अर्धवट दुपदरी), फक्त पार्वो एकपदरी. बाकी सगळे पेशीच्या केंद्रकाचा आधार घेऊन वाढतात, फक्त पॉक्स बाहेर. पार्वो बी-१९ इतका लहान की त्याला भराभर विभागणारी पेशीच लागते, म्हणून तो लाल पेशींच्या पूर्वज पेशी गाठतो. नंदुरबार किंवा गडचिरोलीत काम करणार असाल तर हे घट्ट धरून ठेवा. सिकलसेल (लाल पेशी कोयत्यासारख्या होण्याचा आनुवंशिक आजार) असलेल्या मुलाचं हिमोग्लोबिन अचानक कोसळलं तर हा विषाणू आठवला पाहिजे.

आता शॉर्टकटबद्दल माझं मत, कुणाला राग आला तरी. सिनिअरच्या 'हाय यील्ड' पीडीएफनं, म्हणजे परीक्षेत हमखास येणाऱ्या मुद्द्यांच्या यादीनं, मला बुडवलं. त्यात चुका होत्या म्हणून नाही, त्यात कारणं नव्हती म्हणून. निमॉनिक (आद्याक्षरांनी लक्षात ठेवायची युक्ती) वापरा, मीही वापरते, पण कुळ समजल्यानंतर. आधी निमॉनिक घेतलं तर अक्षरं आठवतात आणि विषाणू आठवत नाही. दुप्पट वेगानं लेक्चर बघून हा विषय होत नाही. आणि मेंटॉर शोधताना मोठं नाव बघू नका. जो तुमचं चुकलेलं उत्तर शेवटपर्यंत ऐकून घेतो आणि मग "तुला असं का वाटलं?" असं विचारतो, त्याला धरून ठेवा. आमच्या मॅडमनी त्या दिवशी मला एकदाही रागावून बोललं नाही.

कुळांची नावं बदललेली दिसली तर गोंधळू नका. रुबेला पूर्वी टोगामध्ये होता, आता मॅटोनाव्हिरिडीत. आरएसव्ही (लहान मुलांच्या श्वसनमार्गाचा विषाणू) पॅरामिक्सोमधून न्यूमोव्हिरिडीत गेला. परीक्षकांनी कुठली आवृत्ती वाचली आहे ते आपल्याला ठाऊक नसतं, म्हणून नवं नाव सांगून "पूर्वी अमुक" असं जोडा. मी तेच करते, कधी मार्क गेले नाहीत.

कुळ लक्षात ठेवायला आपल्या मातीतला विषाणू पकडा, असं मी सगळ्यांना सांगते. १९६५ मध्ये नागपूरच्या चांदीपुरा भागातल्या तापाच्या रुग्णांत सापडला तो चांदीपुरा विषाणू, रेबीजच्याच रॅब्डो कुळातला, आकारही तोच. पण तो वाळूमाशीतून येतो आणि लहान मुलांना काही तासांत बेशुद्ध करतो. कुळावरून बांधा कळतो, शरीरात शिरायची वाट कळतेच असं नाही, हे तिथं शिकायला मिळतं. १९७३ ची बार्शीची चिकुनगुन्याची साथ टोगा कुळ लक्षात ठेवण्यासाठी. सिंधुदुर्ग आणि गोव्यातल्या काजूच्या बागांत गोचिडीमुळे येणारा माकडताप फ्लॅव्हीसाठी, आणि २०२१ मध्ये पुरंदरच्या बेलसरला सापडलेला झिकाही त्याच कुळातला. गावाचं नाव जोडलं की कुळ विसरत नाही.

ज्यांची प्रिलिम पंधरा दिवसांवर आहे त्यांनी घाबरून सगळं एकदम उघडू नका, वेळ पुरतो. कोऱ्या कागदाच्या मधोमध एक रेघ मारा, एका बाजूला नेकेड, दुसऱ्या बाजूला एन्व्हलपवाले. पुस्तक मिटून रोज एकदा भरा. पहिले तीन दिवस निम्मी कुळं चुकीच्या बाजूला जातील, जाऊ द्या, लाल पेनानं फक्त बाण काढा आणि शेजारी कारण लिहा. चौथ्या दिवसापासून प्रत्येक कुळापुढे जीनोम लिहा, सातव्या दिवसापासून आजार. हर्पिसला दोन दिवस राखून ठेवा, आठ विषाणू आहेत आणि लेटन्सी (विषाणूचं शरीरात दडून राहणं) कुठल्या पेशीत ते विचारतातच. पॉक्स शेवटी ठेवला तरी चालेल.