जुन्या शॉपिंग सेंटरचे वस्तीकेंद्र करताना या चुका टाळा

मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईत 1980 आणि 1990 च्या दशकांत बांधलेल्या अनेक शॉपिंग सेंटरांत तळमजल्यावरची दुकाने अजून चालतात, पण वरच्या मजल्यावरच्या कित्येक गाळ्यांची शटर वर्षानुवर्षे उघडलेली नसतात. ही जागा वस्तीकेंद्र म्हणून, म्हणजे वस्तीतल्या लोकांच्या अभ्यासिका, वाचनालय, पाळणाघर किंवा ज्येष्ठांच्या विरंगुळा केंद्रासाठी वापरली जावी, असे मला मनापासून वाटते. म्हणूनच पहिला पैसा दर्शनी भागाच्या रंगावर आणि काचांवर खर्च होताना पाहिला, की वाईट वाटते.

सुरुवात गळतीपासून करावी. इमारतीच्या दोन भागांमध्ये मुद्दाम सोडलेल्या सांध्यातून, म्हणजे एक्स्पान्शन जॉइंटमधून पाणी झिरपत असेल, तर पावसाळ्यात जिन्याच्या कोपऱ्यात बादली ठेवलेली दिसते आणि तिच्यामागे भिंतीचा गिलावा फुगून हाताला पिठासारखा लागतो. अशा वेळी गच्चीवर वॉटरप्रूफिंगचा आणखी एक थर देऊन भागत नाही. सांध्यातले जुने भरण काढून तिथे लवचीक सीलंट भरावे लागते. मुंबईत 30 वर्षांवरील इमारतींना स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे बांधकामाच्या मजबुतीची तपासणी, बंधनकारक आहे. इतरत्रही ते आराखड्याच्या आधी करून घ्यावे.

दुसरी चूक वजनाची आहे. भारतीय मानकानुसार दुकानाची फरशी चौरस मीटरला साधारण 400 किलो भार धरून आखतात, तर पुस्तकांच्या कपाटांच्या दालनासाठी किमान 600 किलो धरावे लागतात. त्यामुळे वरच्या मजल्यावर अभ्यासिका चालेल, पण पुस्तकसाठा शक्यतो तळमजल्यावरच ठेवावा.

सर्वांत जास्त वेळ मालकीत जातो. प्रत्येक गाळ्याचा मालक वेगळा, एखादा परदेशात राहणारा, एखाद्याचे वारस तीन. अशा वेळी सुटे गाळे भाड्याने घेतले, तर मधल्या भिंती काढता येत नाहीत आणि केंद्र विखुरलेले राहते. लागून असलेले गाळे निवडावेत, प्रिमायसेस सोसायटीचा (गाळेमालकांच्या संस्थेचा) ठराव घ्यावा आणि भाडेकरार वापरबदलाच्या परवानगीनंतरच करावा.

प्रवेशाकडे तर शेवटी लक्ष जाते. चार पायऱ्यांचे जोते 60 सेंटिमीटर उंच असेल, तर 1:12 उताराने 7.2 मीटर लांबीचा रॅम्प लागतो. जागा नाही म्हणून केलेल्या दोन मीटरच्या उतारावरून चाकाची खुर्ची ढकलणाऱ्याचीही दमछाक होते. स्वच्छतागृहाची किल्ली वॉचमनकडे राहिली, तर आजीआजोबा तासाभरात घरी परततात.

आणि जागा मोकळी करण्याच्या नादात जुना शिंपी, पिठाची गिरणी, झेरॉक्सवाला यांना हलवू नये. दळण गिरणीत ठेवून अर्धा तास थांबणारी बाई हीच वाचनालयाची पहिली सभासद होऊ शकते, म्हणून वाचनालयाचे दार गिरणीच्या बाजूला उघडावे.