साष्टी बेटावर गोड्या पाण्यातल्या गोगलगायी शोधायच्या तर

बोरिवली, अंधेरी, मुलुंड, ठाणे, हे सगळं साष्टी बेट आहे (गोव्यातली साष्टी वेगळी), आणि त्याच्या मधोमध विहार, तुळशी, पवई हे तीन गोड्या पाण्याचे तलाव. विहार 1860 चा, तुळशी 1879 चा, म्हणजे तलाव माणसाने बांधलेले, मग त्यात गोगलगायी आल्या कुठून? काही जुन्या ओढ्यांतल्या असणार, काही पाणवनस्पतींबरोबर, काही फिश टँकमधून. म्हणून माझं म्हणणं एवढंच की प्रजातीचं नाव नंतर मिळालं तरी चालेल, कुठे सापडली ते आधी नीट लिहा.

पण उठून विहारला जाऊ नका, विहार आणि तुळशीला परवानगीशिवाय जाता येत नाही, आणि बोरिवलीच्या संजय गांधी नॅशनल पार्कमधून काहीही उचलायचं नाही, रिकामा शंखसुद्धा नाही, तिथे फक्त फोटो. पवईत मगरी आहेत, तेव्हा पाण्यात उतरायचं नाही आणि काठावर वाकून बसायचं नाही. सुरुवात सोसायटीतल्या कमळाच्या टाकीपासून किंवा ठाण्यातल्या एखाद्या लहान तळ्यापासून करा. पावसाळा संपला की पाणी निवळतं, ऑक्टोबर ते फेब्रुवारी बेस्ट.

सामान फार नाही. स्वयंपाकघरातली जुनी चाळणी, पांढरा ट्रे, भिंग, पट्टी, रबरी हातमोजे. मोजे कंटाळा न करता घालायचे, घाण पाण्यातून होणारा लेप्टोचा ताप आहेच आणि काही गोगलगायींतून निघणाऱ्या कृमींच्या अळ्या कातडीत शिरून खाज आणतात. जलपर्णी उपटून मुळं ट्रेमध्ये झटकायची आणि दोन मिनिटं काही न करता नुसतं बघत बसायचं, कारण तांदळाच्या दाण्याएवढ्या गोगलगायी आधी कचराच वाटतात, मग कचरा चालायला लागतो.

ओळखताना पहिलं बघायचं झाकण. गोगलगायीने अंग आत ओढून घेतल्यावर शंखाच्या तोंडावर झाकण बसत असेल तर ती पायला, बेलामिया किंवा मेलॅनॉइड्सच्या बाजूची, नसेल तर फुफ्फुसाने श्वास घेणाऱ्यांपैकी. मग शंखाचं टोक वर आणि तोंड आपल्याकडे धरा, तोंड उजवीकडे की डावीकडे? लांबट शंख, तोंड डावीकडे, झाकण नाही, तर बहुतेक फायसेला अ‍ॅक्युटा, ही मूळची उत्तर अमेरिकेतली आणि अ‍ॅक्वेरियमच्या धंद्यातून जगभर पसरलेली. जिलबीसारखी चपटी असेल तर इंडोप्लॅनॉर्बिस, तिच्या रक्तात हिमोग्लोबिन असतं त्यामुळे अंग लालसर दिसतं. मेलॅनॉइड्स लांब निमुळती, दिवसा वाळूत पुरलेली असते, आणि हिच्या माद्या नराशिवाय पिल्लं देतात, त्यामुळे एक जरी नवीन तळ्यात पोचली तरी वस्ती उभी राहते!

फोटो तीन काढा, तोंडाचा, टोकाचा आणि पाठीचा, बाजूला पट्टी ठेवून. वहीत तारीख, जागा, खोली, तळ चिखल की दगड, पाणी वाहतं की साचलेलं, आणि शोधून काहीच मिळालं नाही तर तेही लिहायचं, हे सगळे विसरतात. शंखाचा आकार पाण्याप्रमाणे बराच बदलतो, त्यामुळे जरा वेगळा दिसला की नवीन प्रजाती सापडली म्हणून नाचू नका, आधी त्याच तळ्यातले लहान-मोठे पाच-दहा शेजारी ठेवून बघा.

अजून खोलात जायचं असेल तर जिवंत गोगलगाय काचेच्या छोट्या ग्लासात स्वच्छ पाण्यात उजेडात काही तास ठेवा, कृमीची लागण असेल तर भिंगातून शेपटीवाल्या बारीक अळ्या पोहताना दिसतील. ग्लासात बोट घालायचं नाही. रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावात माणसांत जो शिस्टोसोमा नावाच्या परजीवी कृमीचा आजार 1952 मध्ये नोंदला गेला त्यातही वाहक म्हणून अशाच एका चिमुकल्या गोगलगायीचं, फेरिसियाचं नाव आलं. बघून झालं की ग्लासातलं पाणी उकळून फेका आणि गोगलगाय जिथून आणली त्याच तळ्यात सोडा, दुसऱ्या नाही. फायसेला मात्र परत सोडायची नाही, आणि घरच्या टँकमधलीही नाही.