गॅदरिंगची गाणी ऑडॅसिटीत घेण्याआधी

डिसेंबर लागला की राजारामपुरीतल्या आमच्या घरी शाळेतल्या बाई सीड्या घेऊन येऊ लागतात. "दादा, आधी लावणीचं एक कडवं घ्या, मग पोवाड्याचा तुकडा, शेवटाला लेझमीची हलगी. सगळं साडेतीन मिनिटांत बसवून द्या." ऑडॅसिटीत, म्हणजे आवाज कापायच्या-जोडायच्या सॉफ्टवेअरमध्ये, हे कापणं-जोडणं तासाभराचं काम आहे. रात्र जाते ती आधी बघायचं राहून गेलेलं निस्तरण्यात. यंदा शाळेनं किंवा तालीम मंडळानं गाण्यांचं काम तुमच्यावर सोपवलं असेल, तर सॉफ्टवेअर उघडायच्या आधी एवढं करून घ्या.

पहिल्यांदा सीडी ड्राइव्ह. नव्या लॅपटॉपला तो नसतो. यूएसबीला जोडायचा बाहेरचा ड्राइव्ह कुणाकडून तरी दोन दिवस मागून आणा. चकती मऊ सुती फडक्यानं मधून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल फिरवून पुसू नका. गोल ओरखडा एकाच जागच्या सलग माहितीवर पडतो आणि तो ड्राइव्हला भरून काढता येत नाही.

मग गाणी उतरवणं, म्हणजे रिप करणं. इथं मी पहिल्या वर्षी फसलो. विंडोजमध्ये सीडी उघडली की प्रत्येक गाण्यासमोर सीडीए नावाची फाईल दिसते. त्या सगळ्या मी डेस्कटॉपवर ओढल्या आणि सीडी बाईंना परत दिली. बाई कागलला पोहोचल्या असतील तेव्हा मी फाईल उघडून बघतोय, तर आत काहीच नाही. ती फाईल अवघी ४४ बाइटची असते. गाणं चकतीवर कुठं सुरू होतं, किती लांब आहे, एवढीच नोंद तिच्यात असते. दुसऱ्या दिवशी सकाळी रंगीत तालीम होती आणि मुलं गाण्याविना उभी होती. ते अजून मनातून जात नाही. ऑडॅसिटी विंडोजवर सीडीतून थेट गाणं घेत नाही, ते आधी दुसऱ्या प्रोग्रॅमनं उतरवावं लागतं. मी एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी वापरतो. ते फुकट आहे, शंका आलेली जागा पुन्हा पुन्हा वाचतं आणि वाचता आली नाही तर तसं सांगतं. मॅकवाल्यांचं सोपं आहे: तिथं गाणी एआयएफएफ फाईल म्हणून दिसतात आणि तशीच कॉपी होतात.

उतरवताना फाईलचा प्रकार वेव्ह किंवा फ्लॅक निवडा, त्यांत आवाज गळत नाही. सीडीवर आवाजाचे सेकंदाला ४४,१०० नमुने, १६ बिट, दोन चॅनेल असतात, म्हणजे मिनिटाला साधारण १० एमबी. ऑडॅसिटी आत घेताना सहसा तेच ३२ बिटांत मांडतं, म्हणून प्रोजेक्ट दुप्पट फुगतो. शिवाय प्रत्येक बदलाची जुनी अवस्थाही तो जपून ठेवतो. दोन-तीन जीबी जागा मोकळी ठेवाच.

गाणं एमपीथ्रीतच मिळालं असेल तर घ्या, पण पुन्हा पुन्हा एमपीथ्री करू नका. दर वेळी थोडा आवाज गळतो, आणि आधी बिघडते ती हलगीची थाप आणि टाळांची किणकिण. शाहू स्मारकासारख्या सभागृहात मोठ्या स्पीकरवर ते लगेच कानाला लागतं. एमपीथ्रीची वेव्ह केली म्हणून गळलेलं परत येत नाही. सीडी घरात कुठं असेल तर बाईंना शोधायला सांगा, मी दर वर्षी सांगतो.

एम४ए किंवा डब्ल्यूएमए फाईल आली तर विंडोजवर अशा फाईली उघडून देणारं एफएफएमपेग वेगळं बसवावं लागतं. ते आदल्या आठवड्यातच बसवून एक फाईल उघडून बघा.

व्हिडिओतून काढलेला आवाज बहुतेक सेकंदाला ४८,००० नमुन्यांचा असतो. प्रोजेक्ट ४४,१०० वर ठेवा, बाकीचं ऑडॅसिटी सांभाळतं. ट्रॅकच्या मेनूत जाऊन तिथला रेट, म्हणजे हाच नमुन्यांचा आकडा, मात्र बदलू नका. ४८,००० चं गाणं ४४,१०० केलं की ते सुमारे ८ टक्के हळू होतं, पट्टी उतरते आणि लेझमीची पावलं चुकतात.

फाईलच्या नावात इयत्ता आणि क्रम लिहा: "पाचवी-१-लावणी". प्रत्येक गाणं हेडफोन लावून शेवटपर्यंत ऐका, अडखळलेली जागा वहीत वेळेसकट टिपा. आवाज कमी-जास्त वाटला तरी आत्ता हात लावू नका. सगळी गाणी शेजारी शेजारी आली की मगच कळतं कुणाला किती उचलायचं.

प्रोजेक्ट आधी सेव्ह करा, तोही कॉम्प्युटरच्या डिस्कवर. पेन ड्राइव्हवर काम करू नका. २०२१ च्या ३.० आवृत्तीपासून सगळं एकाच एयूपी३ फाईलमध्ये राहतं. साउंडवाल्यांना ती फाईल देऊन चालणार नाही, त्यांच्यासाठी वेव्ह काढायची.

कायद्याचंही बघून ठेवा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ शाळेच्या कार्यक्रमात ध्वनिमुद्रण वाजवायला मोकळीक देतं, पण प्रेक्षक शाळेतले, पालक आणि शाळेशी संबंधित लोकच असले तर. तालीम मंडळाच्या मांडवाला किंवा नाचाचा व्हिडिओ नेटवर टाकायला ही सूट नाही.

उतरवलेल्या मूळ फाईली वेगळ्या फोल्डरमध्ये तशाच ठेवा, कापायचं ते प्रतीवर. आणि सीडी बाईंच्या हातात द्यायच्या आधी प्रत्येक गाणं ऑडॅसिटीत उघडून त्याची लाट शेवटच्या सेकंदापर्यंत दिसते का ते बघून घ्या.