पडद्यावरचे अपूर्णांक: चौथीच्या तासाआधीची तयारी

चौथीला अपूर्णांक शिकवताना फेट (PhET) या प्रकल्पाचे ‘फ्रॅक्शन्स : इंट्रो’ हे सिम्युलेशन, म्हणजे पडद्यावर हाताळून बघायची प्रतिकृती, वापरायचे असेल, तर तयारीचा मोठा भाग संगणकाबाहेरच करावा लागतो. कोलोरॅडो विद्यापीठातला हा प्रकल्प २००२ साली भौतिकशास्त्रासाठी सुरू झाला, गणित त्यात नंतर आले. आपल्या शाळांना त्याचा खरा उपयोग एवढ्यासाठी, की सिम्युलेशन फुकट मिळते आणि एकदा उतरवून घेतले की नेटशिवाय चालते.

आदल्या दिवशी फाईल उतरवा. मराठी आवृत्ती असेल तर भाषा आधीच निवडा. मग वाय-फाय बंद करून फाईल उघडून बघा. ती एकच एचटीएमएल फाईल असते, म्हणून पेनड्राइव्हवरही एक प्रत ठेवा. जुन्या संगणकात ती इंटरनेट एक्स्प्लोररमध्ये उघडू नका, क्रोम किंवा फायरफॉक्स घ्या. टॅबवर (टॅब्लेटवर) व्हॉट्सअ‍ॅपने पाठवलेल्या फाईलवर नुसते बोट टेकवले तर बरेचदा कोरा पडदा येतो, कारण टॅब ती साध्या दर्शकात उघडतो आणि तिथे स्क्रिप्ट चालत नाही. ती क्रोममधूनच उघडा. खेळाचा आवाज बंद करा. पाच टॅब एकदम वाजू लागले की तास हातचा गेला.

आता कागद. चौथीच्या मुलाने घडी घालण्याआधी पडदा दाखवू नये, असे आमचे ठाम मत आहे. पट्टी २४ सेंमी लांब आणि ३ सेंमी रुंद घ्या, कारण २४ ला २, ३, ४, ६ आणि ८ या सगळ्यांनी भाग जातो आणि प्रत्येक तुकडा पूर्ण सेंटिमीटरात येतो. एका ए-४ कागदातून अशा सात पट्ट्या निघतात. ३० मुलांना प्रत्येकी चार धरल्या तर १२० पट्ट्या, म्हणजे १८ कागद. एक पट्टी अखंड राहू द्या, बाकीच्यांना घड्या घालून २, ४ आणि ८ भाग करून घ्या. तीन भागांची घडी मुलांना जमत नाही. ती हवी असेल तर दर ८ सेंमीवर खूण करून द्या.

फळ्यावर एका कोपऱ्यात देवनागरी आणि इंग्रजी अंकांची जोडी लिहून ठेवा. पाठ्यपुस्तकात ३ आणि ८ मराठीत, पडद्यावर मात्र इंग्रजीत. हुशार मूलही तिथे क्षणभर अडखळते आणि आपल्याला वाटते, त्याला अपूर्णांकच कळला नाही. शेजारीच पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड हे शब्द लिहा. चतकोर भाकरी घरात रोज असते, ‘एक छेद चार’ नसते.

पडद्यावर काय विचारायचे ते वहीत आधी लिहून काढा आणि प्रत्येक प्रश्नाचे उत्तर पडद्यावरचे अंश-छेद बदलणारे बाण दाबण्याआधी पाटीवर घ्या. पहिला प्रश्न ठरलेला: १/४ मोठा की १/८? बरीच मुले १/८ म्हणतील, कारण ८ मोठा. अंश १ ठेवून छेद ४ वरून ८ वर न्या आणि तुकडा बारीक होताना दिसू द्या. नुसते वर्तुळ दाखवून थांबू नका. १/६ आणि १/७ मधला फरक वर्तुळात नजरेला नीट कळत नाही, शिवाय अपूर्णांक म्हणजे भाकरीचा तुकडाच अशी समजूत पक्की होते. त्याच संख्या संख्यारेषेवरही आणा.

एक बारीक गोष्ट हमखास फसवते. सुरुवातीला ‘मॅक्स’, म्हणजे कितीपर्यंतची संख्या करता येईल ती मर्यादा, १ वर असतो. तेव्हा ५/४ करायला गेलात तर बाण पुढे जात नाही आणि मुले समजतात, अपूर्णांक एकापेक्षा मोठा नसतोच. मॅक्स आधी २ करून घ्या, मग सव्वा करून दाखवा. पुढच्या गटाकडे टॅब देण्याआधी खालचे नारिंगी गोल बटण दाबून सगळे पूर्ववत करा.

टॅबमागे तिघेच बसवा: एक हाताळेल, एक अंदाज सांगेल, एक पाटीवर लिहील. दर चार मिनिटांनी कामे बदला, नाहीतर धीट मूलच टॅब सोडत नाही. टॅब पाचच असतील तर निम्मा वर्ग पट्ट्यांवर ठेवा. सिम्युलेशनमधला ‘गेम’ हा खेळाचा भाग शेवटच्या सात-आठ मिनिटांसाठी राखा; आधी उघडला तर मुले अंदाजपंचे तुकडे टाकून बघतात, विचार करत नाहीत.

वीज जाईल हे धरूनच चला: लॅपटॉप पूर्ण चार्ज करा. प्रोजेक्टर त्यावर चालणार नाही, पण पट्ट्या असतातच. खिडकीचे ऊन पडद्यावर येत असेल तर तिथे खाकी कागद लावा.

शेवटची पाच मिनिटे पडदा बंद ठेवून पाटीवर विचारा: ३/४ मोठा की ५/८? चुकणाऱ्याच्या हातात पट्टी आणि मोजपट्टी द्या. एक १८ सेंमी भरेल, दुसरा १५.